जुन्या इंजिनांचे सुटे भाग : लोखंड आहे, माप कुठे आहे?

जुने इंजिन बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा त्याचा एखादाच भाग गेलेला असतो. पिस्टनची रिंग तुटते, पंपाचा एलिमेंट झिजतो, हेडला चीर जाते. बाकीचे तीनशे किलो बीड धडधाकट असते. मालक भाग शोधायला तालुक्याच्या गावी जातो. दुकानदार ‘कंपनीच बंद झाली’ म्हणून हात वर करतो आणि इंजिन गोठ्यामागे जाऊन पडते. मग कधीतरी भंगारवाला काटा घेऊन येतो. विहिरींवरची, पिठाच्या गिरण्यांतली, गुऱ्हाळांवरची कितीतरी इंजिने याच वाटेने गेली.

‘कंपनी बंद झाली, आता भाग मिळणार नाही’ हे वाक्य इतक्या ठामपणे बोलले जाते की ते कुणी तपासत नाही. देशात आणि परदेशात जुनी यंत्रे चालती ठेवणारे लोक भाग कुठून आणतात, कसे बनवून घेतात आणि कुठे अडतात, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. भाग बनवायला लागणारे लोखंड, भट्टी आणि लेथ आपल्याकडे भरपूर आहेत. तुटवडा आहे तो मापांचा, आराखड्यांचा आणि ती मापे वाचू शकणाऱ्या हातांचा.

सुरुवात आपल्या शेतावरच्या इंजिनापासूनच करू. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात डर्स्ली नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या आर. ए. लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास ‘सीएस’ जातीची डिझेल इंजिने बाजारात आणली. सीएस म्हणजे ‘कोल्ड स्टार्ट’. त्याआधीच्या इंजिनांचा डोक्यावरचा गोळा दिव्याने लालभडक तापवावा लागे, तेव्हा कुठे ती फुरफुरत. हे इंजिन थंड असतानाच हँडल मारून चालू होई. त्यातला सर्वांत गाजलेला नमुना सहा अश्वशक्तीचा. मिनिटाला ६५० फेरे, सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची धाव साडेपाच इंच आणि दोन अंगांना दोन जडशीळ चाके. इतक्या सावकाश चालणाऱ्या यंत्रात झिजण्यासारखे फार काही नसते आणि जे झिजते ते गावातला मेस्त्री उघडून पाहू शकतो. डर्स्लीत ही जात १९८७ पर्यंत बनत होती.

राजकोटच्या कारखानदारांनी या इंजिनाची बोल्ट-नटासकट नक्कल केली. एकेका गल्लीत कुणी फक्त हेड ओतणारा, कुणी फक्त क्रँक घासणारा, कुणी नुसत्या रिंगा बनवणारा, आणि शेवटी सगळे जोडून आपल्या नावाची पट्टी ठोकणारा वेगळाच. परदेशातले शौकीन या नकलांना ‘लिस्टरॉइड’ म्हणतात. म्हणताना थोडे नाक मुरडतात, पण मागवतात. आज इंग्लंडमधल्या एखाद्या माणसाकडे आजोबांच्या शेतावरचे अस्सल लिस्टर असेल, तर त्याच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट राजकोटहून येण्याची शक्यता मोठी आहे. पुण्याच्या किर्लोस्करांचे एव्ही-१ हे इंजिनही ब्रिटनच्या पेटर कंपनीच्या वळणाचे. ८० मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर धाव, १५०० फेरे. तिकडे मूळ कंपनीची पडझड झाली तरी इकडे मापे जिवंत राहिली आणि भागही मिळत राहिले.

नकलेला आपण हलके समजतो. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र नक्कल करणाऱ्यानेच मूळ वस्तूला वाचवले आहे. मोटारसायकलींतही हेच झाले. रॉयल एनफिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळवली जाऊ लागली, मग तिथेच बनू लागली. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० पर्यंत संपली, आणि तिथल्या जुन्या बुलेटवाल्यांना भाग पुरवायला मद्रासच उरले. इटलीतल्या इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा स्कूटर बनवणारी यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने उचलून आणली, तेव्हा मिलानच्या शौकिनांना सुट्या भागांसाठी उत्तर प्रदेशाचे तोंड पाहावे लागले.

राजकोटी मालाची एक खोड मात्र सांगायलाच हवी. ओतकामाची वाळू आतल्या कोपऱ्यांत चिकटून राहते. नवे इंजिन किंवा नवा सिलिंडर आणला की पूर्ण उघडून, घासून, धुऊन घ्यावा, हा जाणकारांचा पहिला नियम. ती वाळू तेलात मिसळली तर नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. जो हे करत नाही तो पुढे ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून ओरडतो.

भाग शोधण्याचा दुसरा रस्ता जुन्या बाजारातून जातो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार. जुन्या मोटारीवाल्यांची ही तीर्थक्षेत्रे. इथला अलिखित नियम एकच : नाव सांगू नका, तुटका भाग टेबलावर ठेवा. ‘१९३८ च्या अमुक मोटारीचा वॉटर पंप’ म्हटले की दुकानदार आधी तुमच्या चपला बघतो, मग किंमत सांगतो. हातातला तुटका तुकडा ठेवलात तर तो मागच्या ढिगाऱ्यात हात घालतो आणि कधीकधी ट्रॅक्टरचा, कधी बोटीच्या इंजिनाचा नेमका बसणारा भाग काढून देतो. त्याला गाड्यांची नावे फारशी ठाऊक नसतात, आकार मात्र तोंडपाठ असतात.

या बाजारांतून सर्वांत मोलाची गोष्ट मिळते ती वापरलेली नसते. एखादे चाळीस-पन्नास वर्षांचे दुकान बंद होते, वारस माळा साफ करायला काढतात आणि ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले, खोक्यावर जुना शिक्का असलेले भाग निघतात. पडून राहिलेला नवा माल. अशा मालाला शौकीन वाटेल ती किंमत देतात. पण खोके नवे दिसले म्हणून आतला भागही नवा, असे धरू नये. रबरी सील, कागदी गॅस्केट, डायफ्राम या गोष्टी खोक्यातच म्हाताऱ्या होतात. लोखंडी भाग घ्या, रबर नवे बनवून घ्या.

बाजाराची काळी बाजूही आहे. ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ मध्ये लीड्सला बनलेले वाफेचे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आले. २०११ मध्ये त्याचे बरेच भाग चोरीला गेले. पितळ आणि तांबे भंगारात लगेच खपते, म्हणून दीडशे वर्षांच्या इंजिनाची किंमत चोराच्या लेखी किलोवरच. मग चेन्नईच्या पेरांबूर कार्यशाळेत भाग नव्याने घडवून ते उभे करावे लागले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी पितळी नळकांडी, प्रेशर गेज किंवा नावाच्या पट्ट्या घेताना ‘आली कुठून?’ हा प्रश्न गिऱ्हाईकाने विचारलाच पाहिजे. तो सहसा विचारला जात नाही.

नवशिके शौकीन एका गोष्टीवर उगाच अडतात. इंजिनावर ज्या कंपनीचे नाव असते, तिने त्यातला प्रत्येक भाग बनवलेला नसतो. बेअरिंगे दुसऱ्याची, मॅग्नेटो लुकास किंवा बॉशचा, फ्युएल पंप आणि नोझल सीएव्हीचे. इंजिनवाली कंपनी मेली तरी तिला माल पुरवणाऱ्यांचे नंबर जिवंत असतात. बेअरिंग साफ करून त्याच्या कडेवरचा आकडा वाचा. ६२०५ असेल तर आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५, मग ते स्वीडनचे असो की जपानचे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की भोकाचे माप येते (०४ च्या खालचे आकडे वगळून). हा हिशेब कळला की ‘१९५० सालच्या इंजिनाचे बेअरिंग’ ही शोधाशोध संपते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी खरेदी उरते. जुन्या ब्रिटिश इंजिनांत इंची मापाची बेअरिंगेही सापडतात. तीही मिळतात, फक्त महाग पडतात.

पिस्टन आणि व्हॉल्व्हचेही असेच. नेमका पिस्टन मिळत नसेल तर तीन मापे घेऊन फिरावे : व्यास, गजन पिनची जाडी आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. या तीन आकड्यांना बसणारा पिस्टन एखाद्या ट्रकच्या किंवा कॉम्प्रेसरच्या यादीत सापडतो. व्हॉल्व्ह मोठा आणून दांडा कापतात, डोके लेथवर कमी करतात. रिंग तर जाड बिडाच्या नळीतून कापून घेता येते. सिलिंडरमध्ये बसवल्यावर तिच्या तोंडाशी व्यासाच्या दर इंचाला तीन-चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट ठेवायची. साडेचार इंचाच्या लिस्टरला साधारण पंधरा थाऊ. फट कमी ठेवली तर तापल्यावर रिंग फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. हे माप ठाऊक नसलेला टर्नर कितीही हुशार असला तरी इंजिन मारतो.

आता खरे अवघड काम. क्रँककेस फुटली, पाण्याचे जॅकेट असलेला सिलिंडर गेला किंवा फ्लायव्हीलची आरी तडकली, तर बाजारात काही सापडत नाही. ते ओतूनच घ्यावे लागते. इथे कोल्हापूरचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उसाची गुऱ्हाळे, त्यांना लागणारी इंजिने, त्या इंजिनांची दुरुस्ती आणि दुरुस्तीतून उभी राहिलेली उद्यमनगरची लेथ-दुकाने, असा त्या शहराचा क्रम आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी परदेशी यंत्र उघडून, बघून, तसेच बनवण्याची शाळाच तिथे घातली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या मोटारींसाठी बिडाचे भाग ओततात.

अडचण नेमकी या भरभराटीत आहे. हजारोंच्या हिशेबाने एकाच मापाचे भाग ओतणाऱ्या फाउंड्रीला तुमचा ‘एक नग’ नकोसा असतो. त्यासाठी साचा लावायचा, गाभा बनवायचा, माणूस अडकवायचा आणि मिळणार किती? म्हणून एकट्या-दुकट्या भागासाठी अजूनही गल्लीतली छोटी भट्टी शोधावी लागते, जिथे मालक स्वतः वाळूत गुडघे टेकून बसतो. अशा भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. त्याहून वेगाने कमी होत चालला आहे तो पॅटर्न बनवणारा सुतार.

जुना फुटका भाग जोडून तोच वाळूत दाबला आणि बीड ओतले, की झाला नवा भाग, असे वाटते. होत नाही. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. ३०० मिलिमीटरचा भाग जसाच्या तसा दाबलात तर हाती येणारा २९७ चा असेल, शिवाय लेथवर घासायला अंगावर मांस उरलेले नसेल. म्हणून पॅटर्न करणाऱ्या सुताराकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. बिडाला वेगळी पट्टी, पितळेला वेगळी, ॲल्युमिनियमला वेगळी, कारण प्रत्येक धातू आपापल्या प्रमाणात आकसतो. जिथे घासकाम होणार तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडी वाढवायची, पॅटर्न वाळूतून सरळ उचलला जावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा, आत पाणी खेळायची पोकळी असेल तर तिच्या आकाराचा वाळूचा गाभा वेगळा घडवायचा. जॅकेटवाल्या हेडमध्ये तो गाभा हललेला वरून दिसत नाही. एका बाजूची भिंत पातळ होते आणि पहिल्या तापात तडकते. जुना भाग हाताशी असला तर त्याच्यावर लांबी चढवून, जाडी वाढवून त्याचाच पॅटर्न करणारे कसबी लोक आहेत. पण त्यासाठी तो तुटका भाग मालकाने जपून ठेवलेला लागतो. बहुतेकांनी तो आधीच विकलेला असतो.

ओतण्याआधी दुरुस्तीचे सगळे मार्ग तपासावेत, असे मला वाटते. बिडाची चीर न तापवताही शिवता येते. चिरेवर ओळीने भोके पाडून त्यात आट्यांचे खिळे एकमेकांवर चढवत बसवतात आणि वर ठोकून सपाट करतात. आच लागत नसल्यामुळे भाग वाकत नाही. वेल्डिंग करायचेच असेल तर निकेलचा रॉड, आधी सगळा भाग सावकाश तापवणे आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करणे, एवढे तरी पाळावे. रस्त्यावरच्या वेल्डरने घाईत मारलेला टाका त्याच्या शेजारी नवी चीर पाडतो. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून लायनर ठोकता येतो. मोठ्या बेअरिंगांत व्हाइट मेटल असते. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट यांनी काढला. तो वितळवून पुन्हा ओतता येतो आणि हाताने खरवडून दांड्याला बसवता येतो. ही कला येणारे मेस्त्री अजून आहेत, पण बहुतेकांचे वय झाले आहे आणि शिकाऊ पोरगे शेजारच्या सीएनसीवर कामाला लागले आहे.

आता आट्यांचा घोळ. आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. त्याआधीची इंजिने, आणि नंतरची बरीचशी, इंचात आहेत. पण इंचातही एकमत नाही. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन युनिफाइडचा ६० अंशांचा. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचात १२ आटे, तर युनिफाइडमध्ये १३. इतर बऱ्याच मापांत दोघांचे आटे इंचाला सारखेच असतात. म्हणून एक बोल्ट दुसऱ्याच्या नटात चढतो आणि माणूस निश्चिंत होतो. चढतो, पण घट्ट धरत नाही, कारण कोन जुळत नाही. त्यातून कुणी १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट अर्ध्या इंची भोकात ढकलला की तो ढिला बसतो, मग त्याला धागा गुंडाळतात आणि काही दिवसांनी कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. व्हिटवर्थ पान्यांची आणखी एक गंमत आहे. त्यांच्यावर कोरलेले माप नटाच्या तोंडाचे नसते, बोल्टच्या जाडीचे असते. हे न कळल्यामुळे नवा माणूस ‘पानाच चुकीचा’ म्हणून फेकून देतो. जुने इंजिन घेणाऱ्याने सगळ्यात आधी आट्यांची गेज-पट्टी घ्यावी. भाग नंतर.

तारा आणि रबर यांचे काम तुलनेने सोपे आहे. मॅग्नेटोचा चुंबक क्षीण होतो, त्याला पुन्हा भारता येते. आतली कॉइल नव्याने गुंडाळून मिळते आणि सडका कंडेन्सर आजच्या छोट्या कंडेन्सरने बदलता येतो. एसयू आणि अमाल या कार्ब्युरेटरांचे भाग अजून नव्याने बनतात. धोका नवा आहे तो इंधनाचा. आता देशभर पंपांवर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप, पंपाचे डायफ्राम, वार्निश लावलेले बुचाचे फ्लोट यांना इथेनॉल मानवत नाही, शिवाय ते हवेतले पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. जुनी गाडी चालवणाऱ्याने हे सगळे रबर बदलून इथेनॉल सोसणारे घ्यावे आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

छापखान्यांची गोष्ट इथे आठवते. हायडेलबर्गचे छोटे प्लेटन मशीन, ज्याचे दोन हात पंख्यासारखे फिरत कागद उचलतात, १९८५ मध्ये बनायचे थांबले. तरीही आपल्याकडे लग्नपत्रिकांचे खाचे पाडायला, बिलांवर नंबर टाकायला ते रोज चालते. याचे कारण साधे आहे : ते पोटापाण्याचे यंत्र आहे. एक मशीन मोडून त्यावर तीन चालवायची, ही पद्धत तिथे रूढ आहे आणि पैसा फिरत असल्यामुळे भाग बनवणाराही टिकला आहे. हौसेच्या यंत्राला हे भाग्य नाही.

मापे जिवंत असली की काय होते, याचा सगळ्यात ठसठशीत दाखला इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या रेल्वेची ए-१ वर्गाची ४९ वाफेची इंजिने १९६० च्या दशकात सगळीच्या सगळी भंगारात गेली, एकही उरले नाही. पण त्यांचे आराखडे यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात होते. त्यांच्यावरून हौशी लोकांनी वर्गणी काढून पन्नासावे इंजिन बनवले. ‘टॉर्नेडो’ नावाने ते २००८ मध्ये रुळावर आले. म्हणजे सुटा भाग तर सोडाच, अख्खे इंजिन कागदावरून परत आले. त्यातही बॉयलरसाठी त्यांना जर्मनीत मायनिंगेनला जावे लागले, कारण वाफेची इंजिने चालवणाऱ्या इंग्लंडमध्ये एवढा बॉयलर बांधणारा कारखाना उरला नव्हता. आपल्याकडे निलगिरीच्या दातेरी रुळांवरची इंजिने मुळात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची. त्यांचे भाग मिळेनासे झाल्यावर त्रिचीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने ती इंजिनेच नव्याने बांधली. हे रेल्वेला जमले, कारण तिच्याकडे कार्यशाळा होती, जुनी मापे होती आणि काम करणारी माणसे पगारावर होती. मँचेस्टरजवळच्या पॉइंटनचे अँसन इंजिन म्युझियम किंवा अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातले कूलस्प्रिंग पॉवर म्युझियम स्थिर इंजिनांसाठी असेच काम करते. इंजिने तर जपतातच, पण त्यांची पुस्तके, याद्या आणि जुनी मापेही जपतात.

थ्री-डी स्कॅनिंग आणि छपाईविषयी सध्या बरेच ऐकू येते. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतले मोटारसंग्राहक जे लेनो यांनी १९०७ च्या व्हाइट कंपनीच्या वाफेच्या मोटारीचा झिजलेला भाग स्कॅन करून, त्याचा नमुना छापून, नवा भाग करवून घेतला. पोर्श कंपनी २०१८ पासून आपल्या जुन्या गाड्यांचे काही भाग धातूच्या छपाईने बनवून देते. अवघ्या दोन-तीनशे बनलेल्या ९५९ मॉडेलचा क्लचचा लिव्हर त्यात आहे. आपल्याकडे पुण्यात आणि कोल्हापुरात छपाईचा पॅटर्न करून तो वाळूत दाबणे आता सहज शक्य आहे, आणि माझ्या मते या तंत्राचा खरा उपयोग तोच आहे. पण स्कॅनर दाखवतो ते झिजलेले माप. दांड्याचे मूळ माप काय होते, किती फट अपेक्षित होती, भागाला पाणी दिलेले होते का, हे यंत्र सांगत नाही. झिजलेल्या भागाची हुबेहूब प्रत म्हणजे नवा कोरा झिजलेला भाग.

मूळपणाचा वाद मी थोडक्यात आवरतो. मोटारींच्या स्पर्धांत ‘अस्सल’ असण्याला गुण असतात आणि एखाद्या बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का चुकला म्हणून लोक हमरीतुमरीवर येतात. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. त्यात अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. हेतू चांगला आहे, पण मूळ भाग मिळत नसेल तर नवा बनवलेला भाग म्हणजे दुरुस्ती की फेरफार, याचे उत्तर व्यवहारात अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहते. मालकाने बिले, फोटो आणि जुने भाग जपावेत हे बरे. वाफेच्या यंत्रात तर हौसेला फारशी जागाच नाही. दाबाखालचा प्रत्येक भाग बॉयलर निरीक्षकाला दाखवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. माझ्या दृष्टीने चालणारे इंजिन हे काचेमागच्या इंजिनापेक्षा वरचढ. नवा भाग बसवा, फक्त त्याच्या आतल्या बाजूला साल कोरून ठेवा, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही.

विहिरीवरच्या इंजिनाला मात्र ना नोंदणी, ना गुण, ना वाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना नांगर ओतायला दिल्या, असे सांगतात. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. सातारा रोडला कूपरची इंजिने बनली. गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाणारा गिरणीच्या इंजिनाचा ‘कुक-कुक’ आवाज याच मालिकेतला. एवढा इतिहास असलेल्या राज्यात या इंजिनांचे सुट्या भागांचे पुस्तक, कारखान्यातले आराखडे आणि लाकडी पॅटर्न एका जागी बघायला मिळतील असे सार्वजनिक ठिकाण नाही. वीज आली, इंजिने बाजूला पडली आणि त्यांचे बीड ज्या फाउंड्रीत नवे भाग ओतता आले असते, तिच्याच भट्टीत कच्चा माल म्हणून गेले. माझ्या मते इथे हौशी मंडळींपेक्षा अभियांत्रिकी महाविद्यालये आणि फाउंड्री संघटना जास्त करू शकतात. विद्यार्थ्यांनी दरवर्षी एक जुने इंजिन पूर्ण उघडून मोजले आणि त्याची चित्रे सर्वांसाठी खुली ठेवली, तरी दहा-पंधरा वर्षांत मराठी मुलखातल्या बहुतेक इंजिनांची मापे हाती येतील. असे प्रकल्प आजही होतात, पण ते कपाटात जातात.

तोपर्यंत ज्यांच्या गोठ्यामागे इंजिन पडले आहे, त्यांना एवढीच विनंती. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी इंजिनावरच्या पट्टीचा नंबरासकट फोटो काढा, तुटलेला भाग वेगळा काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि घरात कुठे सुट्या भागांची जुनी यादी असेल तर ती रद्दीत देऊ नका. आणि ज्यांच्या फाउंड्रीच्या माळ्यावर वडिलांच्या काळातले लाकडी पॅटर्न पडले आहेत, त्यांनी ते बंबात घालण्याआधी निदान त्यांच्यावर इंजिनाचे नाव खडूने लिहून ठेवावे.